कुंडातला कच्चा भात

द्वारकाकाकूंनी तातेवाडीच्या गरम कुंडातून तांदळाची पुरचुंडी काढली. तासभर ठेवूनही दाणे टणकच होते. कुंडाच्या खालच्याच उष्णतेवर पाच तालुक्यांची वीज तयार होत असे. काकू थेट वीजकेंद्रात गेल्या.

"कुंड गार पडतंय, साहेब."

अभियंते निमकर हसले. "आमचा संगणक म्हणतो, अजून शंभर वर्षं उष्णता पुरेल."

"जमिनीतून उपसलेलं गरम पाणी वीज करून गार झालं, की परत कुठे सोडता?"

"इथेच, कुंडामागच्या विंधन विहिरीत. लांबवर पाइप कशाला टाकायचे?"

"म्हणजे ज्या चुलीवर रांधायचं, तिच्यातच पाणी ओतताय."

"काकू, तांदूळ जुना असेल."

काकू पुरचुंडी उचलून घरी निघाल्या. वाटेत दुकानात थांबून त्यांनी दोन कंदील मागवायला सांगितले.

"दोन?" दुकानदाराने विचारलं.

"एक त्या शिकलेल्या माणसाला."