ठिकाणाची ओळ

"ठिकाण?" नानासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"म्हैसमाळ," हैदर म्हणाला.

"म्हैसमाळ काय तुझ्या अंगणाएवढा आहे? नाला सांग, झाड सांग, वाट सांग."

टेबलावर टिपकागदात दाबून वाळवलेलं निळं फूल होतं. ते हैदरनं आणलं होतं; कॉलेजसाठी डोंगरातून रोपं गोळा करणं हीच त्याची नोकरी. कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात असं एकही नव्हतं. विभागप्रमुख नानासाहेब ते उद्या पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवणार होते. पण नेमकं ठिकाण लिहिलेलं नसलं, तर नमुना म्हणजे नुसता पाला.

"फूल खरं आहे, साहब. कसम से."

"मग चल, दाखव जागा. नाहीतर कुणाच्या तरी बागेतलं उचललंस असं धरीन मी. उद्यापासून डोंगर बंद, नोकरीही बंद. पाच लेकरं आहेत ना तुला?"

हैदरनं मान खाली घातली. "निकाल दो, साहब."

द्वारकाबाई कोपऱ्यात बसून कागदावर रोपं टाचत होत्या. नमुन्यांच्या चिठ्ठ्याही त्याच लिहायच्या. सात वर्षांपूर्वी, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, त्यांचे यजमान घरातून गेले ते आलेच नाहीत. बाईंनी कुंकू पुसलं नाही, की एक सोमवार मोडला नाही. आज तर हरतालिका. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

"सांगून टाका की, हैदरभाई," त्या हळूच म्हणाल्या. "लेकरांच्या तोंडचा घास जाईल."

"तुम्ही तरी नका विचारू, बाई."

त्या गोंदाची वाटी धुवायला बाहेर गेल्या. हैदर दारापर्यंत गेला, त्या हौदाशी पोचल्याचं बघून परत आला.

"साहब, हे फूल जिथं उगवलंय, तिथं बाईंचे मालक आहेत. त्या गडबडीत मुर्दा मलाच सापडला. अकेला था मैं. वरून दगड रचले अन् आलो. ठिकाण लिहिलं तर लोक जातील, दगड हलवतील. आज उपास कुणासाठी धरलाय त्यांनी, बघताय ना?"

नानासाहेबांनी चष्मा काढून ठेवला.

बाई वाटी घेऊन आत आल्या.

"बाई, ठिकाणाची ओळ कोरी राहू द्या," ते म्हणाले. "नमुना नाही पाठवत आपण. हैदरची नोकरीही कुठं जात नाही."

"कोरी कशाला?" बाईंनी टाक दौतीत बुडवला. लिहिता लिहिता त्या वाचत होत्या, "म्हैसमाळ. देवीच्या देवळामागची उतरण. दोन उंबरांमधली दगडांची रास."

हैदर भिंतीला टेकला.

बाईंनी ओल्या शाईवर फुंकर घातली.

"त्यांना शोधताना त्या राशीशी त्यांची वहाण सापडली होती मला, अन् हे फूल तिथंच उगवतं. दर सर्वपित्रीला तिथं तीळपाणी सोडून येते मी. फक्त आमच्या सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. त्या अजून रोज लेकाचं ताट वाढायला लावतात."