पहिला नंबर

"व्हय, म्याच देत व्हते चोरून," चंद्राबाई म्हणाल्या आणि रत्नाच्या जिवात जीव आला.

आठ महिने ती हा चोर शोधत होती. तिची लेक राजनंदिनी, वय वर्षं आठ, वजन सतरा किलो. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. पोरीला गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कणभर गहू गेला तरी आतडं आतून सोलवटतं म्हणे. गहू बंद केला, तरी जुलाब थांबेनात आणि काटा सतरावरून हलेना. डॉक्टर दर खेपेला कागद बघून तेच म्हणायचे, "कुठून तरी जातोय हो गहू."

मग रत्नाने पदर खोचला. हिंगात पीठ असतं असं कळलं, तो हिंग उकिरड्यावर गेला. पोरीचा तवा वेगळा, परात वेगळी, चूलसुद्धा वेगळी. शाळेतल्या बाईंना, देवळातल्या गुरवाला, शेजारच्या साळूबाईंना तंबी दिली. अख्खं विंझर तिला फौजदारीण म्हणायला लागलं. म्हणेनात का! गिरणीवाल्या सावळारामलाही तिने शिस्त लावली होती. नवऱ्याला, गोरखला, डब्यात चपाती लागायची. तेव्हा घरचा गहू संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी दळायचा आणि पोरीच्या भाकरीचे तांदूळ सकाळी सगळ्यांच्या आधी. मध्ये कुणाचा एक दाणा पडता कामा नये. सावळाराम बिचारा भला माणूस. सरपंचाचं दळण आलं तरी पहिला नंबर त्याने रत्नाचाच धरला.

एवढं करून उरलं कोण? सासू. नातीवर जीव ओवाळून टाकणारी, आणि शाळा सुटल्यावर पोरीजवळ एकटीच असणारी. रत्ना रोज विचारायची आणि चंद्राबाई रोज नाही म्हणायच्या. देव्हाऱ्यापुढे म्हणाल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या. रत्नाने त्यांची ट्रंक तीनदा उपसली. घावली काय, तर मिश्रीची डबी.

आणि आज म्हातारी आपणहून कबूल झाली होती.

"काय दिलंत, आत्याबाई?"

"टोस्ट. च्यात बुडवून."

त्या घरात वर्षभर टोस्ट आला नव्हता. पण चोर कबूल झाल्यावर फौजदार पुढचं कशाला विचारतोय! रत्नाने तोंडाला येईल ते ऐकवलं. नातीच्या जिवावर उठलात, म्हणाली. गोरख मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी चंद्राबाई पिशवीत दोन लुगडी भरून किकवीला, लेकीकडे निघून गेल्या. पोरगी आजीसाठी रडरड रडली. रत्नालाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली.

महिना गेला. दुसराही गेला. काटा सतरावरच. मग एक दिवस पोरीला शाळेत चक्कर आली आणि बाईंनी तिला उचलून घरी आणलं. रत्नाच्या पायाखालची जमीन सरकली. आता संशय घ्यायला घरात माणूसच उरलं नव्हतं. गोरखवर घेऊन बघितला, पण त्या बाबाला स्वतःचं ताट वाढून घेता येत नव्हतं, तो पोरीला चोरून काय देणार!

गिरणीत ती एरवी डबा ठेवून जायची आणि कामं उरकून न्यायला यायची. एका सकाळी मात्र लाईट गेलेली, म्हणून तिथेच टेकली. लाईट आली. सावळारामने तांदूळ ओतले, चक्की घरघरायला लागली आणि डब्यात पीठ पडू लागलं. पहिलं ओंजळभर पडलं ते तांबूस. त्यामागून पांढरंशुभ्र आलं आणि त्याने तांबूस झाकून टाकलं.

"भावजी, हे लाल कसलं?"

"त्ये व्हय? रातीचं थोडं ऱ्हातंच की आत. सकाळच्या पहिल्या दळणात निघतं." सावळाराम हसला. "पर वयनी, तुमी घोर करू नका. परकं न्हाई त्यात काय. तुमच्याच गव्हाचं हाय."

रांग मोडून, हक्काने, पहिल्या नंबराने रत्ना आपलाच गहू आपल्या पोरीला चारत होती.

डबा तिथेच टाकून तिने एसटी धरली. नसरापूरला उतरून किकवीची गाडी पकडली. नणंदेच्या ओट्यावर चंद्राबाई घेवडा निवडत बसल्या होत्या. सुनेला दारात बघून त्या ये म्हणाल्या नाहीत की बस म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं,

"कुठं घावलं?"

"गिरणीत." रत्नाला हुंदका आवरेना. तिने सासूचे पाय धरले. "माज्याच हातानं जात व्हतं, आत्याबाई. तुमी काय बी केलं नव्हतं. मग टोस्ट दिला म्हणून कशापायी सांगितलंत?"

चंद्राबाईंनी तिचे हात पायांवरून सोडवले आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

"म्या घरात हाय तवर तू दुसरीकडं बघणारच नव्हतीस, पोरी."