जुनं सागवान

एक्कावन्न साली उमेळे गावच्या नव्या केळवाडीत रानडुकरं शिरायला लागली, तसे जनार्दनशेट बंदुकीला दणकट दस्ता करून घ्यायला पास्कू मेस्त्रीकडे गेले. त्यानं दाखवलेलं शिसव त्यांना जड वाटलं, बाभूळ तर त्यांनी हातातही धरली नाही. कोपऱ्यातलं जुनं सागवान मात्र मनात भरलं. ते गालाला लावून त्यांनी नेमच धरला.

"असला माल लपवून ठेवतोस होय रे? एवढं गुळगुळीत कशानं केलंस?"

"येता-जाता हात लागून झालंय, शेट," पास्कू खाली बघत म्हणाला. "केळी लावायला तुम्ही आमचं घर पाडलंत ना, त्याच्या दाराच्या चौकटीचं लाकूड ते."

 

गालाला टेकवलेलं लाकूड शेटांना खाली ठेवताही येईना.