टिटवीचा ओरडा

तळ्याकाठच्या टिटवीवरचं लेखिकेचं पहिलं पुस्तक छापायला निघालं होतं. संपादकबाई शेवटची प्रुफं चाळत होत्या. लेखिकेशेजारी तिचा नवरा पाय हलवत बसला होता. बायको पहाटे एकटी तळ्यावर जाऊन काय दिवे लावते ते बघायला आपण कधी तिकडे फिरकलोसुद्धा नाही, असं तो चारचौघांत हसून सांगायचा.

"एका जागी अडतंय," संपादकबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय, टिटवी तुम्हाला सरावली, तुम्हाला बघून अंड्यांवरून उठेनाशी झाली. मग पुढच्या पानांवर ती रोज ओरडत उठते, ती कुणाला बघून? तिथे तर तुम्ही एकट्याच होता."

लेखिकेने मान वर केली नाही. कपाचा कान तेवढा घट्ट धरला.

"उगाच ओरडते हो ती," नवरा घाईघाईने म्हणाला. "एवढ्या लांब, पंपघरामागे माणूस उभा राहिला, तर तिच्या अंड्यांना काय होतंय?"

लेखिकेने कप अलगद खाली ठेवला. अख्ख्या पुस्तकात तिने पंपघराचं नाव एकदाही येऊ दिलं नव्हतं.