तळ्याचं माप

बायको येसूबाई वारली आणि महिन्याभरात काळूरामच्या तळ्यातले जिताडे मासे पहाटे वर येऊन तोंडांची उघडझाप करायला लागले. चार तर मरून तरंगले. ती रोज उजाडताना तळ्यात उतरून बांबूने पाणी का झोडपायची, ते त्याला आत्ता कळलं. तिने वाढवलेले, उरलेले मासे तरी जगावेत म्हणून तो अलिबागला, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर आणायला गेला.

दुकानदाराने तीन ब्लोअर पुढे ठेवले. “काका, तळं खोल किती हाय? त्यावर ठरतं कुठला घ्यायचा.”

“कधी मोजलं न्हाय. बायकोच्या कमरेपर्यंत पाणी यायचं.”

दुकानदार हसला. “मग बायकोलाच घेऊन यायचं की. गाव कुठलं तुमचं?”

काळूरामने गाव सांगितलं.

“म्हणजे येसूबाईंचं तळं? मग माप हाय माझ्याकडं. दोन वर्षांमागं दोरीला गाठी मारून घेऊन आल्या होत्या. हा मधला ब्लोअर त्यांनीच पसंत केलेला. घरी मालकांना विचारून येते म्हणाल्या, त्या परत आल्याच न्हाईत. का आल्या न्हाईत, विचारा जरा त्यांना.”

काळूराम मधल्या ब्लोअरकडे बघत उभा राहिला. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती.



ती विचारायला आली, तेव्हा तोच जेवता जेवता म्हणाला होता, “तुझे हात काय मोडलेत?”