विंडो जातात कुठे

टिंग असा आवाज झाला, पण विंडो काही दिसेना.

काकांनी फाइलवर पुन्हा दोनदा क्लिक केलं. पुन्हा टिंग. म्हणजे विंडो उघडली होती, फक्त कुठे ते कळत नव्हतं. पुस्तकांची पानं लावण्यात काकांची हयात गेली होती. टेबलावर दोन स्क्रीन. डावीकडे लेखकाचा मजकूर उघडायचा, उजवीकडे छापायची पानं. वर्षानुवर्षं ही घडी बसलेली. आज पानं समोर होती आणि मजकुराचा पत्ता नव्हता. आणि दुपारी तर पुस्तक छापखान्यात जायचं होतं.

"अगं, ऐकतेस का?" त्यांनी बायकोला हाक मारली. उत्तर आलं नाही, किंवा आलं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. सकाळपासून घरच विचित्र वागत होतं. चहा आणून ठेवल्याचा आवाज झाला, कप मात्र नव्हता. रोजच्या दारातून आत येताना चौकट मधेच आडवी आली आणि खांद्यावर सणकून आपटली.

काकांना वडील आठवले. त्यांचं शेवटी असंच झालं होतं. आधी वस्तू सापडेनाशा झाल्या, मग माणसं ओळखू येईनात. ते दिवस आपल्या वाट्याला येऊ नयेत, एवढंच काकांचं देवाजवळ मागणं होतं. त्यापेक्षा भुताटकी परवडली, असं ते स्वतःशी म्हणाले. पण ते काही खरं नव्हतं. भीती त्यांना दोन्हींची वाटत होती.

शेवटी त्यांनी पुतण्याला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता, आणि ऑफिसात बसून तो काकांच्या स्क्रीन पाहू शकायचा.

"काका, उघडल्यात की! एकावर एक ढीग लागलाय. डाव्या स्क्रीनवर बघा."

"बघितलं. तिथे काही नाही."

"असं कसं? मला दिसतंय ना."

"तुला दिसतंय आणि मला नाही. भुतं दाखवायला लागलास की काय काकाला?"

"काका, आवाज असा जड का येतोय तुमचा? बरं, थांबा. इथून ओढून तुमच्या पुढ्यात आणतो. यापुढे सगळ्या विंडो उजव्या स्क्रीनवरच उघडतील असं करून ठेवतो."

कुठूनशी एक विंडो सरकत आली आणि समोर थांबली. काकांनी वाचायला घेतलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. एकही ओळ धड सुरू होत नव्हती. '...ला घेऊन गेली.' '...पर्यंत कुणी आलंच नाही.' '...तिथेच बसून होता.' वाक्यांची तोंडं कुणीतरी खाऊन टाकली होती.

"अर्धंच आहे रे हे," काका म्हणाले.

पुतण्या घाईने म्हणाला, "काका, काकू कुठेय?"

"घरात नसावी. मघापासून हाका मारतोय."

"अहो, मी इथेच उभी आहे!" बायकोचा आवाज अगदी कानाशी आला. काकांनी मान वळवून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

तेवढ्यात त्यांची खुर्ची आपोआप फिरायला लागली. जिथे काही नव्हतं तिथून आधी दुसरी स्क्रीन आली, हरवलेल्या सगळ्या विंडो अंगावर घेऊन. मग साय धरलेला चहाचा कप. मग खुर्ची घट्ट धरून फिरवणारी बायको. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकांना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. डोकं शाबूत होतं. वस्तूही सापडत होत्या आणि माणसंही ओळखू येत होती.

"हात्तिच्या! इथे होय सगळं!" ते म्हणाले. "उगाच घाबरलो मी. बघ, काही झालेलं नाही मला."

"दोन्ही हात वर करा बघू." तिचा आवाज कापत होता.

काकांनी उजवा हात वर केला. "हे घे. केले दोन्ही. आता काय नाचून दाखवू?"

ती हसली नाही. फोनकडे वळून तिने पुतण्याला एकच शब्द सांगितला, "ॲम्ब्युलन्स."

ती एवढी का घाबरली ते काकांना कळलं नाही. ते विचारणारही होते, पण त्यांचं लक्ष खाली गेलं. तिथे भलतंच काही होतं. त्यांनी बायकोला डोळ्यांनीच जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी लागून म्हणाले,

"अगं, हळू बोल. माझ्या मांडीवर कुणीतरी हात ठेवलाय."