वळणावरचा कॅमेरा

तिन्ही यंत्रं समोरच्या काचेला ओळीने चिकटवून झाली. दुकानदार गाडीवाल्याच्या शेजारी बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "चला, एक फेरी मारू. कोणतं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा."

गाडीवाल्याने गाडी अशी झटक्यात काढली, की मागच्या सीटवर बसलेल्या बायकोने मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला. डब्यात बर्फ होता आणि रक्ताने भरलेल्या नळ्या होत्या. सकाळपासून घरोघर फिरून तिने त्या भरल्या होत्या. ती रक्त काढायची, तो प्रयोगशाळेत पोहोचवायचा. तिथली खिडकी बंद व्हायच्या आत डबा गेला नाही, तर सगळ्या आजाऱ्यांना पुन्हा टोचावं लागे आणि बोलणी तिला खावी लागत. म्हणून तो गाडी पळवायचा. पळवता पळवता दोनदा रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात सापडला होता. आता तिसऱ्यांदा सापडला की परवाना जप्त. मग डबा कोण नेणार आणि घर कशावर चालणार?

म्हणून आज तो वाटेतच या दुकानात शिरला होता. आत पाऊल टाकताच म्हणाला होता, "काका, कॅमेरा चुकवणारं यंत्र द्या. एकदम पक्कं."

"यंत्र कशाला?" बायको दारातूनच बोलली होती. "त्या उजव्या पायालाच सांगा की जरा."

दुकानदार हसला नव्हता. त्याने फक्त वळून तिच्याकडे पाहिलं होतं.

पुलाच्या अलीकडे तिन्ही यंत्रं जागी झाली. पहिल्याने शिट्टी घातली. दुसऱ्यावर लाल दिवा लुकलुकला. तिसऱ्यातली बाई शांतपणे म्हणाली, "पुढे कॅमेरा आहे." गाडीवाल्याने पाय उचलला. कॅमेऱ्याचा काळा डोळा डोक्यावरून मागे गेला, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. बाजारापाशीही तेच झालं. तिन्ही सारखीच असतील तर त्यातलं स्वस्त उचलावं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

मग रस्ता मोकळा झाला. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि पाय दाबला.

मागून बायको म्हणाली की नळ्या वाजताहेत. तो म्हणाला, वाजू देत, फुटत नाहीत ना. पुढे उंच भिंतीला वळसा घालणारं वळण होतं. पलीकडचं काही दिसत नसे. पण रस्ता रोजचा, पाठ झालेला. रोज तो इथून असाच सुसाट जायचा.

"पुढे कॅमेरा आहे."

तिसरंच बोललं होतं. पहिलं गप्प. दुसऱ्यावर दिवा नाही. खरं कोणाचं मानायचं, हा विचार करायलाही वेळ नव्हता. त्याने ब्रेकवर पाय रोवला. चाकं किंचाळली. गाडी गोगलगाईसारखी वळणावरून सरकू लागली आणि तो मान वर करून एकेक खांब पाहू लागला. या खांबावर तारा. त्या खांबावर कावळा. कॅमेरा कुठेच नाही.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "खाली बघा."

शाळा सुटली होती. मुली रस्ता ओलांडत होत्या. सगळ्यांत शेवटची, दोन वेण्यांची, उलट चालत होती. मागे राहिलेल्या मैत्रिणीला हातवारे करून काहीतरी सांगत होती, गाड्यांकडे पाहतही नव्हती. गाडी जागीच थांबली. इथे शाळा आहे हे गाडीवाल्याला माहीत होतं. इथे भिंत आहे हे माहीत असावं, तसं. ब्रेकवरचा उजवा पाय त्याने तसाच दाबून धरला.

तो थोडा घुश्शातच म्हणाला, "काका, हे तिसरं चुकतंय. इथे कॅमेरा नाहीच."

दुकानदाराने खिडकीची काच खाली केली होती. दोन वेण्यांची मुलगी मागे वळली, तिने "आजोबा!" म्हणून हात हलवला आणि समोरच्या गल्लीत पळाली. ती दिसेनाशी होईपर्यंत दुकानदाराने तिच्यासाठी वर केलेला हात खाली घेतला नाही.

मग तो खाली मान घालून बोलू लागला. इथे कॅमेरा बसवा म्हणून त्याने अर्ज करून पाहिले होते. स्वतः रंगवून पाटी लावली होती. पाटी कोणी वाचत नाही. कॅमेऱ्याला मात्र सगळे भितात. म्हणून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात तो या वळणावर एक खोटा कॅमेरा टाकून ठेवत असे. ही दोन कालच आली होती, त्यांत टाकायचं राहिलं होतं.

"तुम्ही हे चार गाडीवाल्यांत बोललात, तर उद्या सगळे येऊन काढून घेतील," तो म्हणाला. "तुमचा वेळ जातो, ते कळतं मला. तुमच्या यंत्रातून आत्ताच काढतो. एक बटण दाबलं की झालं."

त्याचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. गाडीवाल्याने घड्याळ पाहिलं. रोज इथे थांबायचं म्हणजे रोज खिडकीशी शर्यत. त्याने आरशात पाहिलं. बायको डबा छातीशी धरून बसली होती. तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. फाटकातून मुलींचा आणखी एक घोळका बाहेर येत होता, ती तिकडे पाहत होती.

त्याने दुकानदाराचं बोट हलकेच बाजूला केलं.

"काका, ती चुकवणारी दोन परत न्या," तो म्हणाला. "मला हे चुकणारं द्या."